निकाल ठरलेला, पडणे मात्र खरे : व्यावसायिक रेसलिंग किती धोकादायक आहे?

हल्क होगनची लढत कशी संपणार, हे त्याच्या प्रेक्षकांना आधीच ठाऊक असे. प्रतिस्पर्धी पाठीवर आडवा पडायचा, होगन दोरांवरून उसळी घेऊन धावत यायचा, हवेत उडी मारायचा आणि एक पाय ताठ करून तो त्या पडलेल्या माणसाच्या गळ्यावर आणायचा. मग पंच तीनपर्यंत मोजायचा आणि प्रेक्षक सभागृह डोक्यावर घ्यायचे. ‘लेग ड्रॉप’ नावाच्या या डावात मार कोणाला बसतो, असे विचारले तर कोणीही खालच्या माणसाकडे बोट दाखवील. प्रत्यक्षात खालच्या माणसाला पायाचा जेमतेम स्पर्श होई. होगन मात्र सव्वाशे किलोंहून अधिक वजनासह दर वेळी स्वतःच्या बैठकीवर आदळे. पुढे त्याच्या पाठीवर वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागल्या आणि त्याचा बराचसा दोष त्याने स्वतःच या डावाला दिला. २४ जुलै २०२५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले, तेव्हा एक जुना प्रश्न पुन्हा वर आला. हा धंदा त्यात काम करणाऱ्यांसाठी प्रमाणाबाहेर धोकादायक आहे का?

‘सगळे खोटे तर असते, त्यात कसला धोका?’ हे एक उत्तर तयार असते आणि ‘असले रानटी प्रकार बंदच करायला हवेत’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी रिंगमध्ये नेमके काय घडते हे नीट पाहिलेले नसते, असे माझे मत आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

खोटे काय आणि खरे काय

व्यावसायिक रेसलिंग म्हणजे ऑलिम्पिकमधील कुस्ती नव्हे. इथे कोण जिंकणार, लढत साधारण किती वेळ चालणार आणि शेवट कोणत्या डावाने होणार, हे आधी ठरलेले असते. समोरासमोर उभे असलेले दोघे प्रतिस्पर्धी नसून सहकारी असतात, आणि वेदनेचा अभिनय हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. या अभिनयाला त्या धंद्यात ‘सेलिंग’ म्हणतात; म्हणजे आपल्याला लागले आहे हे प्रेक्षकाला पटवून ‘विकणे’.

मात्र ठरवून केलेल्या गोष्टीलाही निसर्गनियम चुकत नाहीत. नाटकातली तलवार पत्र्याची असू शकते, पण नाटकात कोणी जिन्यावरून गडगडत खाली आला तर तो खरोखरच गडगडत आलेला असतो. रेसलिंगमध्ये ठोसा बहुधा खोटा असतो, राग खोटा असतो, वैर तर निखालस खोटे असते. पण उचलणे, फेकणे आणि पडणे खरे असते. या पडण्याला ‘बंप’ असा शब्द आहे. रेसलरच्या शिक्षणाचे पहिले काही आठवडे बंप घेण्यातच जातात.

पडण्याचे साधे गणित

डोक्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १.८ मीटरवर उचललेला माणूस खाली सोडला तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी २१ किलोमीटरच्या आसपास असतो. हा आकडा फार मोठा वाटत नाही, पण इजा वेगापेक्षा तो वेग किती अंतरात शून्यावर येतो यावर अवलंबून असते. उंचावरून उडी मारताना आपण नकळत गुडघे वाकवतो, ते थांबण्यासाठी अधिक अंतर मिळावे म्हणूनच. एक ढोबळ हिशेब असा मांडता येतो की पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, इतक्या पटीने शरीराला स्वतःचे वजन जाणवते. १.८ मीटरवरून पडलेले शरीर १० सेंटिमीटरमध्ये थांबले तर १८ पट. ५ सेंटिमीटरमध्ये थांबले तर ३६ पट.

रिंगच्या खाली पोलादी तुळया असतात, त्यांवर लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बसवलेले कॅनव्हास. ही रचना थोडी लवचीक असते, त्यामुळे थांबण्याचे अंतर जरा वाढते. पण ती गादी नव्हे. उरलेले काम रेसलरच्या तंत्राने करायचे असते. हनुवटी छातीशी घट्ट टेकवायची म्हणजे डोके मागे आपटत नाही, श्वास सोडत पडायचे, दोन्ही हात पसरून तळवे आपटायचे आणि पाठीचा रुंद भाग एकाच वेळी टेकवायचा, म्हणजे धक्का मोठ्या क्षेत्रफळावर वाटला जातो. टोकदार टाच मातीत रुतते, सपाट बूट रुतत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे. हे तंत्र इतके परिणामकारक आहे की एका पडण्यात एका चांगल्या रेसलरला सहसा काहीही होत नाही.

अडचण ‘एका’ या शब्दात आहे. समजा, एक रेसलर एका लढतीत १० वेळा पडतो, आठवड्यात ४ लढती करतो आणि वर्षाचे ५० आठवडे काम करतो. हे झाले वर्षाला २००० बंप, आणि १५ वर्षांच्या कारकिर्दीत ३०,०००. हा हिशेब काल्पनिक असला तरी गर्दीच्या वेळापत्रकाच्या काळात अगदी अवाजवी म्हणता येणार नाही. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. ती त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवल्याने तुटते. मणक्यांमधल्या चकत्या, गुडघे, खांदे आणि मान यांचेही तेच होते. गुडघ्यातील एसीएलसारख्या अस्थिबंधांच्या अचानक होणाऱ्या दुखापतींची बातमी तरी होते; झिजेची होत नाही.

आपली मान दुसऱ्याच्या हातात

रेसलिंगमधला सर्वांत वेगळा धोका असा की इथे आपली सुरक्षितता दुसऱ्याच्या हातात असते. डोंगर चढणारा स्वतःच्या पकडीवर विसंबतो. उलटा उचलला गेलेला रेसलर मात्र उचलणाऱ्याच्या मनगटावर, घामावर, थकव्यावर आणि अंदाजावर विसंबतो.

३ ऑगस्ट १९९७ रोजी ‘समरस्लॅम’ या कार्यक्रमात ओवेन हार्टने स्टीव्ह ऑस्टिनला ‘पाइलड्रायव्हर’ दिला. या डावात समोरच्याला उलटा धरून खाली बसायचे असते आणि त्याचे डोके आपल्या मांड्यांच्या वर राहील याची काळजी घ्यायची असते. त्या दिवशी डोके काही इंच खाली राहिले. ऑस्टिनला काही काळ हातपाय हलवता आले नाहीत; तरीही त्याने कशीबशी ठरलेली लढत ‘जिंकली’. तो परतला, मोठा तारा झाला, पण त्या मानेने २००३ मध्ये त्याची नियमित कारकीर्द संपवली. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी डॅरेन ड्रोझडोव्ह या रेसलरवरचा नेहमीचाच एक डाव फसला आणि मानेच्या दुखापतीने तो अपंग झाला. २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंतची जवळजवळ २४ वर्षे त्याने तशीच काढली. मार्च २०२२ मध्ये बिग ई हा रेसलर रिंगच्या बाहेर फेकला जात असताना पुरेसा फिरला नाही आणि डोक्यावर पडला. त्याच्या मानेचे दोन मणके मोडले. सुदैवाने मज्जारज्जू वाचला.

या तिन्ही प्रसंगांत कोणाचा हेतू वाईट नव्हता आणि तिन्ही डाव पूर्वी अनेकदा सुरळीत पार पडलेले होते. जपानमधील मित्सुहारू मिसावाचे उदाहरण तर विचारात पाडणारे आहे. १९९० च्या दशकात मानेवर आणि डोक्यावर पाडणारे भयंकर डाव झेलण्यासाठी तो ओळखला जाई. १३ जून २००९ रोजी हिरोशिमात, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्याने कारकिर्दीत असंख्य वेळा झेललेला एक सर्वसाधारण ‘बॅक सुप्लेक्स’, म्हणजे मागून कंबर धरून उचलून पाठीवर आपटण्याचा डाव, झेलला आणि तो उठलाच नाही. मानेच्या मज्जारज्जूला झालेल्या इजेने त्याचा मृत्यू झाला. शेवटच्या डावाने त्याला मारले, की आधीच्या वीस वर्षांनी मारून ठेवलेल्या मानेवर शेवटचा डाव पडला? मला दुसरे अधिक पटते.

‘मग उंचावरून मारलेल्या उड्यांचे काय?’

लोकांच्या लक्षात राहतात ते असे प्रसंग. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्गमध्ये मिक फोली सुमारे १६ फूट उंच पिंजऱ्यावरून समालोचकांच्या टेबलावर पडला आणि स्ट्रेचरवरून उठून पुन्हा लढायला गेला. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीमध्ये ओवेन हार्टला छतावरून दोराने रिंगमध्ये उतरवले जात होते. अडकवण्याची कडी अकाली सुटली आणि तो सुमारे ७८ फुटांवरून कोसळून मरण पावला. कार्यक्रम मात्र पुढे चालू ठेवण्यात आला. कुटुंबाने दावा लावला आणि तो सुमारे १.८ कोटी डॉलरवर मिटला.

ओवेन हार्टचा मृत्यू हा रेसलिंगमुळे झालेला मृत्यू म्हणताना मात्र थोडे थांबायला हवे. त्यात ना डाव होता, ना प्रतिस्पर्धी. तो सर्कशीत किंवा चित्रीकरणाच्या सेटवर होणाऱ्या अपघातासारखा, रंगमंचीय यंत्रणेच्या निष्काळजीपणाचा अपघात होता, आणि असा अपघात योग्य साधने वापरून टाळता येतो. धोक्याची चर्चा अशा प्रसंगांभोवती फिरत राहिली की खरा आणि संथ धोका नजरेआड होतो, अशी माझी तक्रार आहे.

डोक्याच्या आत

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो द्रवात तरंगत असतो. पाण्याने भरलेल्या बरणीत एक मऊ गोळा ठेवून बरणी झटक्यात थांबवली तर काच शाबूत राहते, पण आतला गोळा भिंतीवर जाऊन आदळतो. अशा झटक्याने मेंदूचे काम तात्पुरते विस्कळीत होते, त्याला ‘कन्कशन’ म्हणतात. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही, डोक्यावर जखम व्हावी लागते असेही नाही आणि नेहमीच्या स्कॅनमध्ये ते बहुधा दिसत नाही. त्यामुळे ते लपवणे फार सोपे असते.

त्याचा एक धोका ताबडतोबीचा आहे. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रशिक्षण केंद्रात एका शिकाऊ तरुणाचा असाच मृत्यू झाला. त्याला आधी कन्कशन झालेले होते आणि तरीही त्याचा सराव चालू राहिला होता. न्यायालयात ज्युरीने निष्काळजीपणा मान्य करून कुटुंबाला १३ लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली.

दुसरा धोका वर्षानुवर्षांचा आहे. डोक्याला वारंवार धक्के बसत राहिले तर काही जणांच्या मेंदूत ‘टाऊ’ नावाचे प्रथिन विकृत स्वरूपात साचत जाते. या आजाराला सीटीई हे संक्षिप्त नाव आहे. विसराळूपणा, नैराश्य, रागावरचा सुटत जाणारा ताबा आणि पुढे स्मृतिभ्रंश यांच्याशी तो जोडला जातो. त्याचे खात्रीशीर निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच करता येते. हे धक्के प्रत्येक वेळी कन्कशन होण्याइतके मोठे असावे लागत नाहीत, ही यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. तीस हजार बंप पुन्हा आठवावेत.

हार्वर्डचा पदवीधर आणि माजी रेसलर ख्रिस नोविन्स्की याला २००३ मध्ये हनुवटीवर लाथ बसली. त्याने त्रास लपवून काही आठवडे काम चालू ठेवले आणि शेवटी त्याला रिंग सोडावी लागली. पुढे त्याने मेंदूच्या दुखापतींवर काम करणारी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. जून २००७ मध्ये ख्रिस बेन्वा या नामवंत रेसलरने पत्नी आणि सात वर्षांच्या मुलाचा खून करून आत्महत्या केली, तेव्हा बेन्वाच्या मेंदूची तपासणी व्हावी म्हणून त्याच्या वडिलांची संमती मिळवण्यात नोविन्स्कीचा वाटा होता. तपासणाऱ्या डॉक्टरांना चाळिशीतल्या त्या मेंदूत व्यापक नुकसान आढळले. येथे तोल सांभाळला पाहिजे. सीटीई असलेले बहुसंख्य लोक कोणाचा जीव घेत नाहीत, आणि एका मेंदूच्या तपासणीने एका गुन्ह्याचे कारण सिद्ध होत नाही. सिद्ध झाले ते इतकेच की ‘खोट्या’ लढतींनी मेंदूचे खरे नुकसान होऊ शकते.

मृत्यू रिंगपेक्षा हॉटेलच्या खोलीत अधिक झाले

रेसलर रिंगमध्ये मरण पावल्याची उदाहरणे थोडी आहेत. कमी वयात मरण पावलेल्या रेसलरांची यादी मात्र लांबलचक आहे, आणि तीत वारंवार आढळणारे कारण मानेची दुखापत हे नसून हृदयविकार हे आहे. एडी गरेरो १३ नोव्हेंबर २००५ रोजी मिनियापोलिसमधील हॉटेलच्या खोलीत, वयाच्या ३८ व्या वर्षी, हृदयविकाराने गेला. योकोझुना २००० मध्ये ३४ व्या वर्षी गेला, ब्रिटिश बुलडॉग २००२ मध्ये ३९ व्या वर्षी, उमागा २००९ मध्ये ३६ व्या वर्षी. २०१४ मध्ये ‘प्लॉस वन’ या संशोधन नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ४५ ते ५४ वयोगटातील रेसलरांचा मृत्युदर अमेरिकेतील सर्वसाधारण पुरुषांच्या २.९ पट होता, आणि त्यामागचे मुख्य कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे होते.

असे का व्हावे? १९८० आणि १९९० च्या दशकांत प्रेक्षकांना आणि आयोजकांना अवाढव्य, पिळदार शरीरे हवी होती. तशी शरीरे लवकर घडवण्यासाठी स्टेरॉइड घेतली जात. त्यांनी दंडाचे स्नायू वाढतात तसा हृदयाचा स्नायूही जाड होतो आणि रक्तातील चरबीचे संतुलन बिघडते. रोजच्या पडण्याच्या वेदनेवर वेदनाशामके, रात्री झोप लागावी म्हणून गोळ्या, सकाळी उठून पुढच्या शहरात गाडी चालवत जाण्यासाठी उत्तेजके आणि या सगळ्यावर दारू, असे चक्र चाले. १९९१ मध्ये रेसलरांना स्टेरॉइड पुरवणारा डॉक्टर दोषी ठरला. १९९४ मध्ये, आज डब्ल्यूडब्ल्यूई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या अमेरिकी रेसलिंग कंपनीचे तेव्हाचे मालक व्हिन्स मॅकमहन यांच्यावरही स्टेरॉइडसंबंधी खटला चालला आणि ते निर्दोष सुटले.

यावर असा आक्षेप घेतला जातो की व्यसन हा व्यक्तीचा दोष आहे, धंद्याचा नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. गाडीला ब्रेक नसताना ती उतारावरून सुटली तर चालकाला दोष देता येतो. शंभरातल्या अनेक गाड्या त्याच उतारावर सुटत असतील तर उतार तपासावा लागतो. सुट्टीचा मोसम नाही, दुखत असताना काम केले नाही तर पैसे नाहीत आणि जागा रिकामी झाली की ती घ्यायला दुसरा तयार, हा तो उतार होता.

‘धोका माहीत असूनच ते येतात ना?’

येतात, आणि प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हे ठरवण्याचा त्याचा हक्क मला मान्य आहे. पण संमती ही पहिल्या दिवशी एकदा देऊन टाकण्याची वस्तू नाही. मान अवघडली आहे, डोके जड झाले आहे, अशा संध्याकाळी ‘आज जमणार नाही’ असे म्हणता येते का, यावर ती संमती खरी की नावापुरती हे ठरते. इथे कराराचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म तिथेच आहे.

अमेरिकेतील मोठ्या रेसलिंग कंपन्या रेसलरांना कर्मचारी न मानता ‘स्वतंत्र कंत्राटदार’ मानत आल्या आहेत. घरी नळ दुरुस्त करायला येणारा माणूस स्वतंत्र कंत्राटदार असतो. तो आपली वेळ ठरवतो, दहा घरी काम करतो आणि त्याच्या आजारपणाची जबाबदारी त्याचीच असते. डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या कंपनीचा रेसलर मात्र कंपनी सांगेल त्या दिवशी, सांगेल त्या शहरात, सांगेल त्या नावाने, सांगेल तितका वेळ लढतो आणि परवानगीशिवाय दुसरीकडे लढत नाही. तरी कागदावर तो नळ दुरुस्त करणाऱ्याच्याच रांगेत बसतो. रिंगमध्ये झालेल्या दुखापतीच्या उपचारांचा खर्च कंपनी करते, हे मान्य करायला हवे. पण कर्मचाऱ्याला मिळणारे आरोग्य विम्याचे, निवृत्तिवेतनाचे आणि नुकसानभरपाईचे संरक्षण कंत्राटदाराला आपोआप मिळत नाही. तीन रेसलरांनी २००८ मध्ये या वर्गीकरणाला न्यायालयात आव्हान दिले, पण दावा पुढे सरकला नाही. मेंदूच्या दुखापतींबद्दल पन्नासहून अधिक माजी रेसलरांनी केलेले दावेही २०१८ मध्ये फेटाळले गेले.

संघटना का नाही? १९८६ च्या सुमारास जेसी व्हेंचुरा या रेसलरने ती उभारण्याचा प्रयत्न केला होता. ती बातमी मालकाच्या कानावर घातली गेली, आणि ती घालणारा हल्क होगन होता, हे पुढे एका खटल्यातील साक्षीत उघड झाले. लेग ड्रॉपने ज्याची पाठ खिळखिळी झाली, त्याच माणसाने.

‘बॉक्सिंग आणि अमेरिकन फुटबॉलही धोकादायकच आहेत’

डोक्याच्या बाबतीत बॉक्सिंग अधिकच धोकादायक म्हणावे लागेल, कारण तिथे प्रतिस्पर्ध्याचा मेंदू हलवणे हाच उद्देश असतो. पण बॉक्सर नॉकआउट झाला तर नियामक आयोग त्याला ठरावीक काळ लढायला बंदी करतो, आणि तो आयोग आयोजकाच्या खिशात नसतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये काही महिन्यांची सुट्टी असते, खेळाडूंची संघटना असते, आणि कन्कशनच्या प्रश्नावर त्या लीगला माजी खेळाडूंशी अब्जावधी डॉलरच्या घरात जाणारी तडजोड करावी लागली.

रेसलिंगवरही काही अमेरिकी राज्यांत क्रीडा आयोगांची देखरेख होती. १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळासमोर आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या पूर्वसुरी कंपनीने सांगितले की आमच्या लढती या खऱ्या स्पर्धा नसून मनोरंजन आहे, म्हणून आम्हाला क्रीडा आयोगाच्या नियमांतून आणि करांतून वगळावे. ज्या गुपिताचे रेसलरांनी पिढ्यान् पिढ्या प्राणपणाने रक्षण केले होते, ते व्यवहाराच्या सोयीसाठी मालकांनी सरकारी कागदावर उघड केले. म्हणजे रेसलिंग ना धड खेळ राहिले, ना चित्रपटासारखे क्षेत्र झाले. खेळ म्हटला तर आयोग हवा, चित्रपट म्हटला तर स्टंट कलाकारांची संघटना आणि हवी तितकी पुनर्चित्रणे हवीत. रेसलरला यांतले काहीच मिळाले नाही; मिळाला तो थेट प्रेक्षकांसमोर, दर आठवड्याला, एकाच टेकमध्ये करायचा स्टंट.

‘आता तर पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत’

झाल्या आहेत, आणि त्या दिखाऊ नाहीत. गरेरोच्या मृत्यूनंतर २००६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने औषध चाचण्या आणि हृदयतपासणी यांचा कार्यक्रम सुरू केला. २००७ पासून माजी रेसलरांच्या व्यसनमुक्तीचा खर्च कंपनी देऊ करू लागली. पाइलड्रायव्हर अपवाद वगळता बंद झाला, आणि २०१० मध्ये डोक्यावर खुर्ची मारण्याला मनाई झाली. पूर्वी तो जणू रोजचा प्रकार होता; खुर्ची पत्र्याची असली तरी ती खरीच असे आणि डोके तर खरेच असे.

मात्र या सुधारणा एका श्रीमंत कंपनीने स्वतःहून केलेल्या आहेत. लहान सभागृहांत, तुटपुंज्या मानधनावर आणि कधी डॉक्टरच्या अनुपस्थितीत लढणाऱ्या असंख्य रेसलरांना त्या लागू नाहीत. शिवाय अभिनयातून निर्माण होणारी एक अडचण कोणत्याही नियमाने पूर्ण सुटत नाही. मार्च २०१५ मध्ये मेक्सिकोतील तिहुआना येथे पेरो अग्वायो ज्युनियर मानेला इजा होऊन दोरांवर निपचित लोंबकळत पडला होता आणि त्याच्याभोवती लढत काही काळ चालूच राहिली. बेशुद्ध पडल्याचा अभिनय करणे हे ज्याचे काम, तो खरोखर बेशुद्ध पडला हे ओळखायचे कसे? यासाठी पंचाने दोन्ही हात डोक्यावर उंचावून फुलीची खूण करायची, असा संकेत आहे. पण कथानक रंगवण्यासाठी ती खूणही कधीकधी खोटी वापरली गेली, तेव्हा तिची किंमत कमी झाली. सप्टेंबर २०२० मध्ये एईडब्ल्यू या कंपनीच्या एका लढतीत मॅट हार्डी उंचावरून पडून डोक्यावर आपटला; लढत थांबवली गेली आणि थोड्याच वेळात पुन्हा सुरू झाली. ती पुन्हा सुरू व्हायला नको होती, हे पाहणाऱ्या कोणालाही सांगता आले असते.

मग ‘प्रमाणाबाहेर’ म्हणजे किती?

नीट शिकलेल्या दोन माणसांनी, पुरेशी विश्रांती घेऊन, डोके वाचवून केलेली लढत ही सर्कस, नृत्य किंवा स्टंट यांच्यापेक्षा फार वेगळ्या पातळीचा धोका आहे असे मला वाटत नाही. त्याच दोघांना दुखऱ्या मानेने चौथ्या रात्री पुन्हा उभे करणारी व्यवस्था मात्र प्रमाणाबाहेर धोकादायक आहे. म्हणून ‘हा डाव धोकादायक आहे का’ यापेक्षा ‘थांबा म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे’ हे विचारणे मला अधिक उपयोगाचे वाटते. त्याचे उत्तरही सोपे नाही, हे एका डावाच्या प्रवासावरून दिसते.

दोरांच्या वरून झेप घेऊन आडव्या पडलेल्या माणसावर डोके आपटायचे, हा ‘डायव्हिंग हेडबट’. ब्रिटनचा डायनामाइट किड तो मारायचा. त्याचे आयुष्य व्हीलचेअरवर सरले आणि २०१८ मध्ये ६० व्या वर्षी तो वारला. त्याला गुरुस्थानी मानणाऱ्या बेन्वाने तो डाव उचलला. त्याच्या मेंदूत काय सापडले ते वर आलेच आहे. तोच डाव पुढे डॅनियल ब्रायनने वापरला. जून २०१३ मध्ये त्याची एक लढत दुखापतीच्या शंकेने अर्ध्यात थांबवली गेली, तेव्हा तो थांबवणाऱ्यांवर भडकला. वारंवारच्या कन्कशनमुळे फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याला निवृत्त व्हावे लागले. तो मात्र गप्प बसला नाही. एकामागून एक बाहेरच्या तज्ज्ञांकडे गेला, तपासण्या करून घेतल्या, त्यांनी हिरवा कंदील दाखवला आणि मार्च २०१८ मध्ये कंपनीच्या डॉक्टरांनीही त्याला परवानगी दिली. त्यानंतर तो पुन्हा अनेक वर्षे लढला. त्या दोन वर्षांत कंपनी ‘नको’ म्हणत होती आणि ‘मला लढायचे आहे’ असा हट्ट धरणारा तो स्वतः होता.